घरात त्रास सोसणारी फक्त सूनच नसते: पहिल्यांदा ऐकणाऱ्यासाठी मार्गदर्शक

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या मारहाणीचे प्रश्न १८ ते ४९ वयाच्या बायकांना विचारतात. पन्नाशी ओलांडली की ती त्या वहीतून बाहेर. त्यामुळे मुलाने पासबुक काढून घेतलेली सत्तरीची आजी त्या आकड्यांत कुठेच सापडत नाही. गल्लीत सगळ्यांना ठाऊक असतं, पण ‘त्यांच्या घरातलं आहे’ म्हणून तिथेही ती सुटते. २०१९-२१ च्या फेरीत आणखी एक गोष्ट दिसली. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के जणींनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. त्याही आधी माहेरी गेल्या, मग सासरच्याच कुणाकडे, मैत्रिणीकडे, शेजारी. पोलीस फार मागे.

म्हणून हा लेख वकिलासाठी किंवा हवालदारासाठी नाही. ज्याच्या कानावर पहिल्यांदा पडतं त्याच्यासाठी आहे: आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाची अध्यक्ष, शाळेतल्या बाई, सोसायटीचा सेक्रेटरी, चुलतभाऊ. तुम्ही पहिल्या दोन दिवसांत काय विचारता आणि काय लिहून ठेवता, यावर पुढची दोन वर्षं अवलंबून असतात.

कायदा कुणाकुणाला धरतो

‘डीव्ही’ (डोमेस्टिक व्हायोलन्स, घरगुती हिंसा) म्हणजे नवरा-बायकोची केस, हा समज कोर्टाच्या आवारातही पक्का आहे. तो चुकीचा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. एका घरात राहणाऱ्या किंवा कधीकाळी राहिलेल्या कुठल्याही स्त्रीला तो चालतो, मग नातं रक्ताचं असो, लग्नाचं, दत्तकाचं, एकत्र कुटुंबाचं किंवा लग्नासारख्या सहवासाचं. आई मुलाविरुद्ध अर्ज करू शकते, बहीण भावाविरुद्ध, विधवा दिराविरुद्ध, बिनलग्नाची मुलगी बापाविरुद्ध. पूर्वी सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो, ‘सज्ञान पुरुष’च असावा लागे. मुंबईतल्या एका आईने आणि तिच्या मुलीने घरातल्याच मुलाविरुद्ध, सुनेविरुद्ध आणि इतरांविरुद्ध तक्रार केली, ती लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि ६ ऑक्टोबर २०१६ च्या हरसोरा निकालात ते दोन शब्द कायद्यातून काढून टाकले गेले. आता सासूविरुद्ध सून आणि सुनेविरुद्ध सासू, दोघींनाही दार उघडं आहे.

हे आधी का सांगायचं? कारण पोलीस ठाण्यात ज्या कलमाचं नाव सगळ्यांना पाठ असतं, ते जुनं ४९८अ, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनचं भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, ते फक्त पत्नीला लागू होतं. मुलाने आईचा हात पिरगाळला तर ठाण्यात साध्या दुखापतीची एनसी (पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत अशी अदखलपात्र नोंद) लिहून घेतात आणि ‘कोर्टात जा’ म्हणतात. दुखापत साधी असेल तर कायद्यानेही ती अदखलपात्रच असते. अशा आईला, बहिणीला, सोबत राहणाऱ्या बाईला खरा आधार २००५ च्या कायद्याचा आहे. तो न सांगता तिला ठाण्याच्या पायरीवरून परत आणलं तर ती दुसऱ्यांदा जात नाही.

हिंसा म्हणजे मारच, असंही नाही. या कायद्यात चार प्रकार आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. चौथा सगळ्यात जास्त निसटतो. श्रावणबाळचे पैसे आईच्या खात्यात येतात, पण एटीएम कार्ड मुलाच्या खिशात असतं. लाडकी बहीणचे दीड हजार जमा झाल्याचा मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर येतो. औषधाला पैसे न देणं, पगार काढून घेणं, घरातली एखादी खोली वापरू न देणं, स्त्रीधन विकून टाकणं, हे सगळं यात येतं.

पहिली विचारपूस

एकटीला गाठा. नवरा, सासू, मुलगा तर नकोतच, पण तीन-चार वर्षांच्या वरचं मूलही समोर नको. ते रात्री जेवताना सगळं सांगतं. पोषण आहार वाटपाची रांग संपल्यावर, उपकेंद्रात वजन करताना, रेशनच्या दुकानातून परतताना, अशा साध्या कारणाने भेटलेलं बरं. कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाशी बोलताना आवाज चढतो आणि भिंतीपलीकडे ऐकू जातं. त्यांना देवळाच्या कट्ट्यावर न्या, किंवा वाचता येत असेल तर प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, आणि तो कागद परत घ्या.

‘तुमच्यावर हिंसा होते का?’ असं विचारलं की उत्तर ‘छे, तसं काही नाही’ असंच येतं. हिंसा हा सरकारी शब्द आहे, स्वतःच्या घराला तो कुणी लावत नाही. रोजच्या व्यवहाराचं विचारा. घरात कुणाचा आवाज चढला की भीती वाटते? काल रात्री काय जेवलात? बीपीची गोळी कुणाकडे असते, वेळेवर मिळते का? पासबुक कुठे ठेवलंय? बाहेर जाताना दाराला बाहेरून कडी लावतात का? माहेरी फोन शेवटचा कधी केलात? याची उत्तरं ऐकता ऐकताच पुढचं कळत जातं.

काही वाक्यं तोंडातून जाऊ देऊ नका: ‘तुम्ही काय बोललात म्हणून त्याने हात उचलला?’, ‘इतकी वर्षं सहन का केलंत?’, ‘मी त्याला समजावतो.’ शेवटचं सगळ्यात घातक. त्याला समजावायला गेलात की तिने बाहेर सांगितलं हे त्याला कळतं, आणि त्या रात्रीचा मार तुमच्या खात्यावर पडतो. आत्महत्येचा विचार येतो का, हे मात्र सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात विचार शिरत नाही. शेतकरी घरात कीटकनाशकाचा डबा कुठे असतो, तेही विचारा आणि शक्य असेल तर तो दुसऱ्या घरी कुलपात ठेवायची सोय करा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर २४ तास चालतो.

ऐकून झालं की एवढंच म्हणा: ‘यात तुमचा दोष नाही. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी सोबत येते.’ ती सज्ञान आहे. तिच्या मर्जीविरुद्ध तक्रार ढकलायची नाही. अपवाद दोन. जीव धोक्यात असेल तर ११२. आणि १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचाराचं कळलं, तर पोक्सो कायद्याने कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. लपवलं तर तुमच्यावरच गुन्हा. मुलांसाठी १०९८.

आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का

हा निर्णय पहिल्या भेटीतच घ्यावा लागतो. गळा दाबला होता का, हे मुद्दाम आणि स्पष्ट विचारा. बायका ते ‘मानेला धरलं’ असं सांगून सोडून देतात. गळा दाबल्याची खूण बाहेर दिसेलच असं नाही. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके, काही सेकंद शुद्ध हरपणं किंवा कपड्यांत लघवी होणं, यातलं एक जरी सांगितलं तरी त्याच दिवशी रुग्णालय. सूज काही तासांनी वाढते आणि श्वास अडकू शकतो. आज गळा दाबणारा पुढे जीव घेण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, म्हणून नुसत्या थपडेच्या रांगेत हे बसवू नका.

बाकीच्या धोक्याच्या खुणा: हत्याराने किंवा रॉकेल-पेट्रोलने धमकावणं, गरोदरपणातली मारहाण, पाठलाग, मोबाइल तपासणं, ‘तुला मारून मी पण मरेन’ ही भाषा, आणि हल्ली हल्ली मारहाण वाढत गेलेली असणं. सगळ्यात धोक्याचे दिवस ती घर सोडते किंवा सोडायचं बोलते तेच असतात. म्हणून ‘जाते मी’ असं त्याला सांगून निघायचं नाही.

राहण्याची सोय लागली तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. सखी केंद्र म्हणजेच वन स्टॉप सेंटर. तिथे पाच दिवसांपर्यंत तात्पुरतं राहता येतं, आणि दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन एका छताखाली असतं. त्याहून जास्त दिवसांसाठी शासकीय महिला राज्यगृह किंवा शक्ती सदन. सोबत मुलगा असेल तर त्याचं वय आधी सांगा. ठरावीक वयापुढच्या मुलग्यांना ठेवून घेत नाहीत. हे दारात कळलं की बाई तिथूनच घरी परत फिरते.

पिशवी आणि मोबाइल

पिशवी शेजारी ठेवा, घरात नको. तिच्यात आधार, रेशनकार्डाची प्रत, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा पुरावा (पत्रिका, फोटो, दाखला, जे असेल ते), औषधाच्या चिठ्ठ्या आणि पंधरा दिवसांची औषधं, चष्मा, थोडी सुटी रोकड, घराची जादा किल्ली, एक जोड कपडे. अपंग असेल तर यूडीआयडी कार्ड आणि श्रवणयंत्राचे सेल. मूळ कागद काढून घेतल्यावर संशय येणार असेल तर फोटो काढून विश्वासातल्या माणसाच्या मोबाइलवर पाठवा आणि तिच्या मोबाइलमधून पुसून टाका.

मोबाइलमधलं एक बारीक कलम: व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ आणि गुगल मॅप्समध्ये ‘लोकेशन शेअरिंग’ उघडून पाहा. तिथे नवऱ्याचा लॅपटॉप किंवा खातं दिसलं तर लगेच काढून टाकू नका. काढलं की त्याला कळतं. पाहिलं ते लिहून ठेवा, स्क्रीनचा फोटो दुसऱ्या मोबाइलने काढा आणि मदतीचे सगळे फोन दुसऱ्याच नंबरवरून करा. १८१ ला केलेला फोन कॉलच्या यादीत राहतो, हेही तिला सांगा.

दवाखाना

केसपेपरवर ‘घरात पडल्या’ लिहिलं गेलं की तेच वाक्य दोन वर्षांनी विरुद्ध बाजूचा वकील वाचून दाखवतो. सोबत आलेला नवराच डॉक्टरांशी बोलतो, म्हणून असं होतं. नर्सला हळूच सांगून तिला एकटीला आत पाठवा, आणि ‘मुलाने काठीने मारल्याचे रुग्ण सांगते’ असं कोणी, कशाने, कधी यासकट लिहून घ्यायला सांगा. शक्यतो सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जा, एमएलसी (पोलीस-कोर्टात चालणारी वैद्यकीय नोंद) करून घ्या, त्या नोंदीचा नंबर टिपून ठेवा. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ म्हणून उपचार अडवता येत नाहीत. उलट घटना अहवाल (खाली सांगितलेला डीआयआर) झालेला नसेल तर तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवणं हे २००६ च्या नियमांप्रमाणे रुग्णालयाचं काम आहे. मुंबईत पालिकेच्या काही रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्रं आहेत. पहिलं २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं. तिथल्या बायांना हे सगळं समजावून सांगावं लागत नाही.

फोटो स्वतःही काढा. एक चेहऱ्यासकट, म्हणजे कोण ते कळेल. एक जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे माप कळेल. आणि लागोपाठ तीन दिवस काढा, कारण मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त काळानिळा दिसतो. काळ्या-सावळ्या कातडीवर तो बल्बच्या उजेडात दिसत नाही. खिडकीपाशी, दिवसा काढा. ज्या मोबाइलवर काढले तो विकू नका, फॉरमॅट करू नका. फॉरवर्ड होत आलेली प्रत कोर्टात अडते.

डीआयआर: इथे सगळं ठरतं

डीआयआर म्हणजे घरगुती घटनेचा अहवाल, नियमांतला नमुना क्रमांक १. तो संरक्षण अधिकारी भरतात आणि न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवतात. संरक्षण अधिकारी कुठे बसतात हे जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळतं. माहिती देण्यासाठी ती स्वतःच जायला हवी असं नाही. कलम ४ प्रमाणे कुणीही कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याबद्दल दावा लागत नाही. ‘उद्या माझ्यावर उलटलं तर?’ असं विचारणाऱ्या शेजाऱ्याला हे कलम आवर्जून दाखवा.

बहुतेक डीआयआर एकाच वाक्यावर फसतात: ‘सामनेवाले वेळोवेळी शारीरिक व मानसिक छळ करतात.’ कोर्टाला यातून काहीच धरता येत नाही. नमुन्यात घटनांचा तक्ता आहे: तारीख, वेळ, जागा, करणारा माणूस. तारीख आठवत नाही असं ती म्हणेल. तेव्हा सणावरून विचारा. पोळ्याच्या आधी की नंतर? गौरी बसल्या होत्या का? दहावीची परीक्षा सुरू होती का? मग भिंतीवरचं कालनिर्णय काढून तारीख लावा. एक नोंद अशी दिसायला हवी:

‘बैलपोळ्याच्या दिवशी, संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी, स्वयंपाकघरात. थोरल्या मुलाने पेन्शनचं पासबुक मागितलं. मी नाही म्हटलं. त्याने उजवा हात मागे पिरगाळला आणि मला चुलीपाशी ढकललं. मनगट सुजलं. शेजारणीने ओरडणं ऐकलं, ती दारापर्यंत आली होती. दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात दाखवलं, केसपेपर जोडला आहे. त्या रात्री मला जेवायला दिलं नाही.’

पहिली घटना, सगळ्यात वाईट घटना आणि अगदी अलीकडची घटना, या तीन अशा तपशिलाने आल्या की पाया भक्कम होतो. बाकीच्या थोडक्यात चालतात. तिचेच शब्द ठेवा. शिव्यांना ‘अर्वाच्य भाषा’ करू नका. जी शिवी दिली ती लिहा.

नमुन्याच्या खुणांचे चौकोन शेवटपर्यंत वाचा. शाब्दिक-भावनिक हिंसेच्या यादीत मनाविरुद्ध लग्न लावणं, आपल्या पसंतीच्या माणसाशी लग्न करू न देणं, शाळा-कॉलेज किंवा नोकरी बंद करणं, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, आत्महत्येची धमकी देऊन दबाव आणणं, हे सगळं छापलेलं आहे. लग्नासाठी कोंडून ठेवलेली वीस वर्षांची मुलगी याच कागदावर बसते, पण घाईत ती पानं उलटली जातात. शेवटी कोणते आदेश हवेत तेही विचारलेलं असतं: संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा ताबा, भरपाई. ‘योग्य तो आदेश’ लिहू नका. भाडं, किराणा, औषधं, फी, वीजबिल असा महिन्याचा हिशेब रुपयांत मांडा आणि औषधांची बिलं जोडा.

संरक्षण अधिकाऱ्यांकडे अनेकदा कामाचा ढीग असतो, आणि ‘आधी त्यांना बोलावून समजावून बघू’ असं ऐकावं लागतं. समुपदेशनाला पाठवण्याचा अधिकार या कायद्यात न्यायदंडाधिकाऱ्याला आहे, तोही अर्ज दाखल झाल्यावर. तंटामुक्ती समितीसमोर स्टँप पेपरवर लिहून घेतलेलं ‘पुन्हा हात उचलणार नाही’ याला कोर्टाच्या आदेशाची ताकद नाही. ते मोडलं तरी कुणाला अटक होत नाही. डीआयआर रखडला तर थांबू नका. तो नसला तरी कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे केलेला अर्ज चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. वकील फुकट मिळतो: तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

ठाण्यात

पत्नी असेल आणि क्रौर्य असेल तर कलम ८५ खाली एफआयआर. मार सासरच्या गावी झाला तरी आसरा घेतलेल्या माहेरच्या ठाण्यात तक्रार चालते. रूपाली देवी निकालाने २०१९ मध्ये हा वाद मिटवला. हद्दीचं कारण सांगितलं तर शून्य क्रमांकाने (‘झिरो एफआयआर’, जो नंतर योग्य ठाण्याकडे जातो) नोंद करायला सांगा. नोंद घेतलीच नाही तर तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपा. पुढे न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाताना ती लागते. एनसीची प्रतही फेकू नका. तीन एनसी, दोन केसपेपर असं एकत्र ठेवलं की ‘वेळोवेळी’ हा शब्द सिद्ध होतो. पोलिसांचा भरोसा सेल किंवा महिला व मुलांसाठीचा विशेष साहाय्य कक्ष जवळ असेल तर आधी तिथे जा. या कक्षाची सुरुवात १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात केली. तिथे समाजकार्यातली माणसं बसतात, आणि अर्ज कसा लिहायचा हे त्यांना ठाऊक असतं.

आदेश हातात आल्यावर

२००५ चा कायदा पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत म्हणतो. प्रत्यक्षात नोटीस बजावण्यातच महिने जातात, कारण सामनेवाला ‘पत्त्यावर सापडत नाही’. कामाच्या जागेचा पत्ता, कामाच्या शिफ्टची वेळ, दुसरा मोबाइल नंबर अर्जातच द्या. तातडी असेल तर कलम २३ खाली शपथपत्रावर एकतर्फी अंतरिम आदेश मागा. पोटगी सहसा अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते (रजनेश वि. नेहा, २०२०), म्हणून अर्ज टाकायला उशीर म्हणजे तितक्या महिन्यांच्या पैशावर पाणी.

घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सुनेला हक्क नाही, हे २०२० च्या सतीशचंदर आहुजा निकालानंतर सरसकट म्हणता येत नाही. मात्र एक मर्यादा माहीत असू द्या: कलम १९ खाली कुठल्याही बाईला घराबाहेर काढण्याचा आदेश मिळत नाही. त्रास देणारी सून किंवा सासू असेल तर मारू नये, वाटेला जाऊ नये, पैसे-सामान अडवू नये असे आदेश मागा.

आदेशाची प्रत मोफत मिळते. एक ठाण्यात द्या आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या, एक शेजारी ठेवा, एकीचा फोटो मोबाइलमध्ये. संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हा गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आहे. ‘कोर्टाचा कागद कोर्टात दाखवा’ असं ठाण्यात म्हणाले तर हेच कलम बोट ठेवून दाखवा.

म्हातारी माणसं

वडिलांना २००५ चा कायदा नाही, पण २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आई-वडील दोघांनाही आहे. अर्ज प्रांत कार्यालयात, उपविभागीय अधिकाऱ्यासमोरच्या न्यायाधिकरणात. वकील लागत नाही. चालता येत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. निर्वाह भत्ता महिना १०,००० रुपयांपर्यंत, आणि निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत अपेक्षित. फोनवर मदत १४५६७.

घर किंवा शेत मुलाच्या नावे करताना बक्षीसपत्रात ‘मरेपर्यंत सांभाळ आणि औषधपाणी करील’ ही अट लिहून घ्यायला सांगा. अट मोडली तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. अट लिहिलेली नसेल तर वाद वाढतो. ‘केवायसीला अंगठा पाहिजे’ म्हणून हक्कसोडावर अंगठा घेतात, तेव्हा कोणताही कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा नाही, हे घरोघर सांगा. पेन्शन लाटली जात असेल तर बँकेत सोबत जा: कार्ड बंद, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदला, पासबुक भरून घ्या. गावच्या बँक मित्राकडे नुसत्या अंगठ्यावर पैसे निघतात, म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्या.

इथे एक डाव ओळखायला शिका. सुनेला बाहेर काढायचं म्हणून मुलगाच आई-वडिलांना पुढे करून हा अर्ज टाकतो. एस. वनिता निकालात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की या कायद्याने सुनेचा राहण्याचा हक्क डावलता येत नाही. म्हाताऱ्या माणसाला एकटं विचारा: ‘तुम्हाला नक्की कोण नको आहे?’

जे कुठल्याच यादीत नसतात

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल (आगाऊ रक्कम) नवरा घेतो, हिशेब मुकादम नवऱ्याशी करतो, आणि सहा महिने ऊस तोडून बाईच्या नावावर रुपयाही नसतो. फडावरच्या कोपीत (झोपडीत) मार बसला तर गाव शेकडो किलोमीटर लांब. २००५ च्या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. उचलीची रक्कम, मुकादमाचं नाव, कारखाना आणि टोळी परतण्याचा महिना अर्जात लिहा, नाहीतर दुसऱ्या तारखेला ती पाचशे किलोमीटरवर असते.

अपंग बाईची हिंसा सांभाळणाऱ्याच्या हातून होते: कुबड्या लांब ठेवणं, शौचाला वेळेवर न नेणं, औषध जास्त किंवा कमी देणं. मूकबधिर बाईच्या खुणा घरचाच माणूस ‘सांगतो’, तो दुभाषा कधीच घेऊ नका. जवळच्या मूकबधिर शाळेतल्या शिक्षकांना बोलवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे कुणीही कळवू शकतं. तृतीयपंथी व्यक्तीला घरातून हाकलणं किंवा मारणं २०१९ च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिने ते दोन वर्षं कैद.

मार खाणारा नवरा ठाण्यात गेला की आधी हसू येतं, तेच त्याला गप्प करतं. त्याला २००५ चा कायदा नाही. पण दुखापत, धमकी यांची कलमं पुरुषालाही आहेत, आणि क्रौर्य हे घटस्फोटाचं कारण आहे. त्यालाही तीच शिस्त सांगा: दवाखाना, फोटो, तारखा, एनसी. आणि उलट हात न उचलता खोलीतून बाहेर पडणं. मुलग्यावरच्या लैंगिक अत्याचाराला पोक्सो तसाच लागू आहे. ‘मुलगा आहे, त्याला काय होतंय’ म्हणून दाबू नका.

पुढची भेट

पहिल्याच भेटीत बाई परत जायचं ठरवेल. बहुतेक जणी जातात. रागावू नका, ‘आता माझ्याकडे येऊ नकोस’ म्हणू नका; ती परत आली तर तुमच्याच दारात येणार. जाण्याआधी एक खूण ठरवा: व्हॉट्सॲपवर ‘दळण आणलं का?’ असा मेसेज आला तर ११२ ला फोन करायचा, तिला उलट फोन करायचा नाही. फोन नसेल तर ओटीवर वाळत घातलेला ठरावीक रंगाचा टॉवेल चालतो. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या दिवशी काही निमित्त काढून जाऊन या, मग दर पंधरा दिवसांनी. प्रत्येक भेटीची तारीख आणि जे दिसलं ते एका वहीत लिहा, तुमचं मत नको. ती वही तिच्या घरात नाही, तुमच्या कपाटात.